मागच्या पुठ्ठ्यावरची सही

साकोली
दि. ९ ऑगस्ट १९७८

ती. बाईस,
बाबुलालचा सविनय जयभीम. वि. वि.

आठ महिने तुला पत्र नाही, त्याबद्दल आधी माफी मागतो. कारणं देता येतील. बदली झाली, साकोलीत घर मिळायला वेळ लागला, सुमनच्या दम्यात उन्हाळा गेला. पण या आठ महिन्यांत रोजनिशी लिहायचा एक दिवसही मी चुकवला नाही. तेव्हा लिहायला वेळ नव्हता असं म्हणणं खरं होणार नाही. स्वतःशी बोलायला वेळ होता, बहिणीशी नव्हता.

इथे कचेरीजवळ ज्ञानदीप नावाचं वाचनालय आहे. अध्यक्ष तुलारामजी, निवृत्त हेडमास्तर. त्यांनी मला कार्यकारिणीवर घेतलं. आपल्या वस्तीतला मी पहिलाच. एक माणूस तिकडचाही असावा, असं ते सगळ्यांसमोर म्हणाले. चांगल्या मनानेच म्हणाले असावेत.

इथली एक रीत तुला आवडेल. नवी कादंबरी आली की कार्यकारिणीतला एक जण ती आधी वाचतो, चार ओळींचं मत चिठ्ठीवर लिहून सही करतो आणि ती चिठ्ठी मागच्या पुठ्ठ्याला आतून चिकटवतात. लोक पुस्तक मागूनच उघडतात. चिठ्ठी वाचली की मग न्यायचं की ठेवायचं ते ठरवतात. माझ्या वाट्याला एकदम सहा कादंबऱ्या आल्या आहेत आणि कचेरीत मान वर करायला फुरसत नाही. त्यातली एक, दाखल क्रमांक २१२, लाखांदूरच्या गाडीवरच्या चिंधू कंडक्टरजवळ पाठवतो. स्टँडवरच्या चहावाल्याकडे मिळेल. वाच, आणि भीड न ठेवता काय वाटलं ते लिही. गुलाब भाऊजींना जयभीम.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा,
बाबुलाल


आमटोला, पो. लाखांदूर
ता. १७ सप्टेंबर १९७८

चि. बाबुलाल यास,
धुरपताबाईचा जयभीम आणि आशीर्वाद. आम्ही सर्व ठीक. सुमनचा दमा कसा आहे ते तू लिहिलंच नाही, फक्त उन्हाळा गेला म्हणाला.

पुस्तक पोचलं. धानाचा रोवणा चालू होता म्हणून उशीर झाला. आठशे पानं आहेत, त्यातल्या पाचशे पानांवर घोडे दौडून राहिले. पण एकाही घोड्यानं चारा खाल्ला नाही, पाणी पिलं नाही. खरारा कोण करते, लीद कोण काढते, काही पत्ता नाही. ती कामं आपल्या लोकायची असतील, म्हणून लिहिणाऱ्याले दिसली नाहीत. राजा मात्र बोलते झकास. लढाईच्या आदल्या दिवशी तो आईच्या पायाशी बसते, ते मी दोनदा वाचलं आणि रडली. खोटं कायले बोलू.

तुले आठवते का, मी धान कांडत राहायची आणि तू उंबरठ्यावर बसून शाळेचं पुस्तक मोठ्यानं वाचायचा? मी मुसळ थांबवलं की तू ओरडायचा, थांबू नको, मले लय सापडत नाही. सातवीनंतर माझी शाळा सुटली, पण तुझी पुस्तकं मी सोडली नाहीत. तुझ्या नागपूरच्या कॉलेजातलीही सुट्टीत ऐकलीच. आता पुन्हा आपण दोघं एकच पुस्तक वाचून राहिलो, याचा मले फार आनंद झाला.

एक मागते. त्या वाचनालयात माझ्या नावाचं कार्ड करून दे. धुरपता गुलाब मेश्राम, असं पूर्ण नाव. मतदार यादीत आहे आणि रेशन कार्डावर आहे, आता एकदा पुस्तकाच्या कार्डावर पाहू दे.

लेकरांच्या गालाला हात लाव.
तुझी,
बाई


साकोली
दि. ३ डिसेंबर १९७८

ती. बाईस, सविनय जयभीम. वि. वि.

सुमन आता बरी आहे. विचारल्याशिवाय सांगायला हवं होतं.

तुझ्या पत्राने कमाल केली. घोड्यांच्या चाऱ्याचं वाक्य चिठ्ठीवर गेलं आणि आठवडाभर साकोलीत तीच चर्चा. तुलारामजी बैठकीत म्हणाले, पंचवीस वर्षं अशा कादंबऱ्या वाचतो आहे, हे कसं सुचलं नाही. त्या दिवशी पहिल्यांदा माझं बोलणं संपेपर्यंत कुणी मध्ये बोललं नाही. आजवर मी दाराजवळच्या बाकावर बसायचो. तुलारामजींनी हाताने खूण करून टेबलाजवळच्या खुर्चीवर बसवलं.

कार्डाचं विचारलं. सभासद साकोलीचा रहिवासी असावा असा नियम आहे म्हणतात. काही वाट निघते का पाहतो.

सोबत दोन पाठवतो, ११८ आणि ३०५. ११८ पुण्याकडची आहे, विद्वान माणसाची. ३०५ खेड्यावरची, तिला कुठलंसं बक्षीस मिळालं आहे. धान कापणी आटोपली की सावकाश वाच. पण महिनाअखेर मत मिळालं तर बरं.

अशीच लिहीत राहा.
तुझा,
बाबुलाल


आमटोला
ता. १४ जानेवारी १९७९

चि. बाबुलाल यास जयभीम व आशीर्वाद.

महिनाअखेर म्हणाला, पण धान चुरणे चालू होतं, बैलांमागे फिरता फिरता वाचता येत नाही.

११८ मधला प्रोफेसर तीनशे पानं म्हणते की मी एकटा आहे. आणि दर चार पानांनी कोणीतरी त्याले चहा आणून देते. ती बाई कोण, तिचं नाव काय, शेवटपर्यंत कळत नाही. मले वाटते खरी एकटी तीच आहे. पण भाषा चांगली आहे. पावसाळी दुपारी ओल्या सतरंजीचा वास येते असं त्यानं लिहिलं, तो वास मले आला.

३०५ वर मी रागावली. रोवण्याच्या बाया दिवसभर गाऊन राहिल्या, बक्षीस देणाऱ्यांनी एकदा बांधीतल्या चिखलात वाकून पाहावं. आम्ही गातो, सकाळी, पहिल्या बांधीत. दुपारी छाती दाबलेली असते, आवाज निघत नाही, फक्त चिखलातून पाय काढल्याचा आवाज येते. या माणसानं बाया कोरड्या धुऱ्यावर उभं राहून पाहिल्या, तेही सकाळी, आणि जेवायले निघून गेला.

तुझं मत काय झालं ते तू लिहीत नाही. मी एवढी बडबड करते. तुले तो प्रोफेसर आवडला असेल, मले धाक आहे.

कार्डाचं पाहशील. गुलाब म्हणतात, पत्ता भावाचा दिला तर चालत नाही का?

तुझी,
बाई


साकोली
दि. २२ मार्च १९८०

ती. बाईस, सविनय जयभीम. वि. वि.

पत्रं मधल्या काळात लहान झाली, पुस्तकं मात्र चुकवली नाहीत. तू पाठवलेली मतं मोजली, अठ्ठावीस झाली. गुप्तहेराच्या कादंबरीवर तू लिहिलंस की खुनी साठाव्या पानावर कळला तरी ठेववली नाही, ते वाचून ती इतकी फिरली की तिची बांधणी उसवली.

मी आता वाचनालयाचा चिटणीस झालो आहे. किल्ली माझ्याकडे असते. मुलींच्या शाळेतल्या शकुंतलाबाई, ज्या कुणाचं सहसा मानत नाहीत, त्या पुस्तक घेताना आधी चिठ्ठी बघतात. या मानाला मी लायक आहे का, हे रोजनिशीत बऱ्याचदा लिहितो. उत्तर लिहायच्या आत दिवस संपतो.

तू ३०५ पुन्हा मागितलीस, बायांना तो रोवण्याचा भाग वाचून दाखवायचा म्हणून. पाठवतो आहे. सोबत आपल्या लोकांवरच्या दोन आहेत, ३६० आणि ३७१. कार्डाचा विषय पुढच्या बैठकीत नक्की काढतो.

तुझा,
बाबुलाल


आमटोला
ता. ११ मे १९८०

चि. बाबुलाल यास जयभीम व आशीर्वाद.

तेंदूपत्त्याची तोडणी चालू आहे, पहाटेच जंगलात जावं लागते, म्हणून थोडक्यात.

३६० लिहिणारा चांगला माणूस आहे, आपल्यासाठी रडते. पण त्याच्या पुस्तकात आपण एकदाही हसत नाही. तुळसा मावशी वारली त्या दिवशीसुद्धा आपल्या घरात कोणीतरी हसलंच होतं, तिचीच आठवण काढून. ३७१ आपल्याच माणसाची आहे, खरी आहे, पानापानाले चटका बसते. फक्त त्यानं आई आणि बहीण मार खायले ठेवल्या. त्यायले काय वाटते ते त्यानं विचारलं नाही. शिकून आलेल्या भावाची गोष्ट आहे, शिकायले पाठवणारी त्यात तीन ओळींत संपते.

३०५ बायांना वाचून दाखवली. खूप हसल्या. ताराबाई म्हणाली, याले एक दिवस रोजीवर आणा. मी पुस्तक शेवटच्या पानापर्यंत पाहिलं, मागच्या पुठ्ठ्यापर्यंत.

तुले एक विचारते. ११८ मधल्या चहावाल्या बाईचं शेवटी काय होते, तुले आठवते का? मी विसरली.

तुझी,
बाई


साकोली
दि. १ जून १९८०

ती. बाईस, सविनय जयभीम.

घाईत लिहितो. ११८ वाचून दीड वर्ष झालं, नेमकं आठवत नाही. बहुतेक ती गावी निघून जाते. ३६० आणि ३७१ वरची तुझी मतं उत्तम.

४१२ पाठवतो. नवी आहे, मागणी फार. नाशिककडच्या सुलोचना नावाच्या मुलीची गोष्ट आहे म्हणतात. पंधरा दिवसांत चिठ्ठी लागली पाहिजे, तेव्हा पत्र लवकर टाक.

तुझा,
बाबुलाल


आमटोला
ता. १२ जून १९८०

चि. बाबुलाल यास जयभीम.

४१२ वाचली. भाषा साधी. सुलोचना सगळ्यांसाठी झिजते आणि शेवटी भावाच्या अंगणातल्या विहिरीत उडी घेते, ते मनाले लागलं. भाऊ काठावर उभा राहून तिचं नाव घेते, पण उशीर झालेला असते. हा शेवट लिहायले छाती लागते.

एवढंच.
बाई


साकोली
दि. २० जून १९८०

ती. बाईस, सविनय जयभीम.

तुझं आजवरचं सगळ्यात नेमकं मत. काल चिठ्ठी लावली. पुढची दोन पाठवतो.

तुझा,
बाबुलाल


आमटोला
ता. ६ जुलै १९८०

बाबुलाल यास,

दोन्ही पुस्तकं न उघडता परत पाठवली, चिंधूजवळ आहेत.

४१२ मध्ये विहीर नाही. सुलोचना मरत नाही. ती शाळेत मास्तरीण होते, आणि शेवटच्या पानावर मुलींची हजेरी घेते. एकेक नाव आहे, बावीस नावं. फार सुंदर शेवट आहे, तुले माहीत नाही.

३०५ च्या मागच्या पुठ्ठ्यावर मी माझं वाक्य वाचलं. माझा 'जेवायले' तू 'जेवायला' केला, 'येते'चा 'येतो' केला, आणि खाली बा. रामटेके. अक्षर तुझं सुंदर आहे, लहानपणापासून. बायांना मी तेही वाचून दाखवलं, समजलं नव्हतं तोवर. अर्ध्यात थांबली. ताराबाईनं विचारलं काय झालं, मी म्हटलं डोळ्यात कचरा गेला.

तरी मी म्हटलं, वाचत असेल. दोघायचं मत एक झालं असेल, एका आईचे आहो. म्हणून ११८ चं विचारलं. चहावाल्या बाईचं शेवटी काहीच होत नाही, हेच तर मी तुले लिहिलं होतं. तू तिले गावी पाठवली. तरी म्हटलं, विसरला असेल. म्हणून विहीर लिहिली. मले लिहिताना वाईट वाटलं. खोटं मत मी आयुष्यात पहिल्यांदा दिलं.

नाव घेतलं याचं दुःख आहे, नाही असं नाही. सातवीनंतर मी रोवणा केला, तेंदूपत्ता तोडला आणि तू कॉलेजात गेला, तेही माझ्याच नावावर गेला म्हणायचं. ते मी खुशीनं दिलं होतं. हे तू मागितलं असतं तर हेही दिलं असतं. पण मी समजत होती आपण दोघं वाचून राहिलो. दोन वर्षं मी चुलीजवळ बसून एका माणसाशी बोलून राहिली, आणि तिकडे कोणी नव्हतं.

कार्ड नको आता. आणि त्या चिठ्ठ्यांवर माझं नावही लावू नको. आता लावशील ते माझ्यासाठी नसेल, तुझ्या रोजनिशीसाठी असेल.

सुमनले धूर टाळायले सांग.
धुरपता


साकोली
दि. २७ जुलै १९८०

ती. बाईस,
जयभीम लिहितो. सविनय हा शब्द आज लिहिण्याचं धाडस होत नाही.

तुझं पत्र येऊन पंधरा दिवस झाले. त्याच्या दोन दिवस आधी शकुंतलाबाई ४१२ घेऊन बैठकीत आल्या, पुस्तक टेबलावर ठेवलं आणि विहीर कुठल्या पानावर आहे ते दाखवा म्हणाल्या, त्यांनी दोनदा शोधली होती. सगळे हसले. तुलारामजी म्हणाले, दुसऱ्या कादंबरीशी मिसळ झाली असेल. मी हो म्हणालो. तेव्हा तुझं पत्र आलेलं नव्हतं, तरी मला सगळं कळलं होतं. तुला पाठवायच्या आधी त्या पुस्तकाचं एक पानही मी उलटलं नव्हतं. सुलोचनेबद्दल तुला लिहिलं तेवढंही मी चिंधूकडून ऐकलं होतं.

मी चोरी ठरवून केली का, हे तपासायला १९७८ ची रोजनिशी काढली. पहिल्या चिठ्ठीच्या दिवशी लिहिलं आहे: 'खाली बहिणीचे नाव घालावे काय? लोक काय म्हणतील?' पुढे काही नाही. दुसऱ्या दिवशी भाजीचे भाव आहेत. मला वाटत आलं होतं की सातवी शिकलेल्या, आपल्या वस्तीतल्या बाईचं नाव पाहून ते हसतील, तुझा अपमान होईल, म्हणून मी थांबलो. आता वाचताना दिसतं की त्यात तुझी काळजी कुठेच लिहिलेली नाही. ते मला पहिल्यांदा गप्प राहून ऐकत होते, आणि ती खुर्ची मला सोडवली नाही. ते ऐकत होते तुला.

आणखी एक. रहिवाशाचा नियम आहे असं मी तुला लिहिलं. नियमाची वही मी कधी पाहिलीच नव्हती, असं लिहिणार होतो. तेही खोटं आहे. चिटणीस झालो त्याच आठवड्यात पाहिली. तालुक्यातल्या कुणालाही एका सभासदाच्या सहीवर कार्ड मिळतं. ती सही मी करू शकत होतो. पण तुझं कार्ड झालं असतं तर तू कधीतरी इथे आली असतीस, आणि पुस्तक मागून उघडलं असतंस.

मी ४१२ वाचली. पहिल्यापासून, चार दिवस लागले. हे माझं पहिलं मत आहे, तेव्हा बेताचंच असेल. मधली शंभर पानं कंटाळवाणी वाटली. सुलोचनेचा भाऊ मला आवडला, आणि तो आवडला याचीच भीती वाटली. हजेरीची बावीस नावं मी मोठ्याने वाचली. सुमन स्वयंपाकघरातून येऊन उभी राहिली होती. त्यानंतर तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, बाईंच्या पत्रातलं मला कधी वाचून दाखवलं नाहीत, म्हणून मी समजायची की तुम्हीच हुशार आहात.

काल बैठकीत सांगितलं. उभा राहूनच सांगितलं. एकतीस चिठ्ठ्या माझ्या नाहीत, बहिणीच्या आहेत. वाटलं होतं काढून टाकतील, निदान रागावतील. तसं काहीच झालं नाही. शकुंतलाबाईंनी तुझं नाव विचारलं, पूर्ण. तुलारामजींनी उठून दार लावलं आणि म्हणाले, "बाबुलालजी, घरची गोष्ट घरात ठेवा. रोवणा करणाऱ्या बाईच्या मतावर गाव दोन वर्षं कादंबऱ्या वाचून राहिलं, हे सांगायचं काय लोकायले?" ४१२ ची चिठ्ठी तेवढी काढावी, बाकीच्या माझ्या सहीनिशी तशाच राहाव्यात, असा ठराव झाला. मग चहा आला. माझी खुर्ची मला तशीच ठेवली होती.

बाई, ती ठेवली हेच मला सहन झालं नाही. माझी लबाडी त्यांना चालते, तुझं नाव चालत नाही. आणि दोन वर्षं मीही त्यांच्याच बाजूने बसलो होतो.

तुझं नाव लावू नको म्हणालीस, ते मी मोडणार नाही. ठरावाविरुद्ध जायचं धाडस मी करतो आहे ते तुझ्यासाठी की रोजनिशीसाठी, हे मला अजून सांगता येत नाही. किल्ली बहुधा या आठवड्यात परत मागतील. सोबत कार्डाचा कोरा अर्ज आहे, हमीदार म्हणून सही केली आहे. ती निदान माझ्याच कामाची सही आहे. भर किंवा चुलीत घाल. पुस्तक मागायला तुला पत्राची गरज नाही, आणि मत द्यायची सक्ती तर नाहीच. लोभ ठेव असं या वेळी म्हणवत नाही. तो शिल्लक असेल तर तू न सांगता ठेवशील.

बाबुलाल

रोजनिशी, २७ जुलै १९८०
उद्या: सकाळी आठला वाचनालय उघडून तीस चिठ्ठ्यांवरची माझी सही खोडणे, तिथली जागा रिकामी ठेवणे.